कोरी पाटी म्हणजे खराब पाटी नव्हे: पहिलं कार लोन घेण्याआधी

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा ज्यांना आकडे डोळ्यांनी बघायचे असतात, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे ना’ काढून टाकलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. हिशोब मात्र पुन्हा तपासून लिहिलेत.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेजमध्ये विचारलाय. नोकरी लागून वर्ष-दीड वर्ष झालंय, घरी गाडी हवीय, पण आजवर कधी कर्जच घेतलेलं नाही. मग कार लोन मिळतं का? मिळालं तर महाग पडतं का? आणि घाईत माणूस कुठे फसतो?

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. हे सगळं आमच्या घरात घडलंय. म्हणून आधी घरची गोष्ट.

गाडी का हवी होती

आमचं गाव पाटण तालुक्यात. आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, कराडला. जाऊन-येऊन पंच्याहत्तर किलोमीटर. डायलिसिसचा खर्च सरकारी योजनेतून होतो, पण जाण्या-येण्याचा नाही. सुरुवातीला ती एसटीनं जायची. डायलिसिसनंतर अंगात त्राण राहत नाही, आणि तशा अवस्थेत स्टँडवर तास-तास बसायचं. एकदा ती स्टँडवरच चक्कर येऊन पडली. त्यानंतर अण्णांनी गावातली जीप ठरवली. एका फेरीचे १,००० रुपये. महिन्याला साधारण नऊ फेऱ्या, म्हणजे ९,००० रुपये. दुधाचे पैसे यायचे आणि जीपला जायचे.

मी पुण्यात नोकरीला. हातात पगार ३६,०००. मनात सरळ हिशोब केला: नऊ हजार जीपला देण्यापेक्षा तेवढ्याच ईएमआयमध्ये स्वतःची गाडी का घेऊ नये? (हा हिशोब चुकीचा होता. कसा, ते पुढे सांगतो.)

गेल्या वर्षी पाडव्याच्या आठवड्यात मी आणि अण्णा शोरूममध्ये गेलो. छोटी हॅचबॅक, ऑन-रोड ६,८०,०००. आमच्याकडे जमवलेले १,८०,०००. म्हणजे लोन पाच लाखांचं. सेल्समन चांगला होता, चहा वगैरे पाजला. म्हणाला, “कागद द्या सर, चार-पाच ठिकाणी टाकतो, एक तर पास होईलच.” मी दिले.

चार दिवसांनी फोन आला. “सर, तुमची हिस्टरीच नाहीये. वडिलांचीही नाही.”

अण्णांना हे लागलं. घरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग ओट्यावर बसून म्हणाले, “आजवर कुणाचा रुपया बुडवला न्हाई. सोसायटीचं पीककर्ज दर साली टायमावर भरलं. आन हे म्हणत्यात हिस्टरी न्हाई?”

मंडळी, या एका वाक्यात आजचा सगळा विषय आहे.

बँकेला तुम्ही दिसतच नाही

आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरावेत असं शिकवतात, आणि ते बरोबरच आहे. पण ज्यानं कधी उधारच घेतली नाही, त्याची उधार फेडायची सवय बँकेला कळणार कशी?

भारतात क्रेडिट माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. २००५ च्या कायद्याखाली रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीत त्यांचं काम चालतं. बँका आणि फायनान्स कंपन्या त्यांना माहिती पाठवतात: कुणी किती कर्ज घेतलं, हप्ता वेळेवर भरला की नाही. त्यातून ३०० ते ९०० मधला स्कोअर निघतो. आपण सरसकट सगळ्याला ‘सिबिल’ म्हणतो, जसं कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो.

आता यातली मेख बघा. या कंपन्यांना तेवढंच दिसतं, जेवढं त्यांना कुणीतरी कळवतं. तुम्ही घरभाडं वेळेवर देता, भिशीचा हप्ता चुकवत नाही, किराणावाल्याची उधारी दर महिन्याला मिटवता. यातलं काहीच तिथे पोचत नाही. अण्णांचा रिपोर्ट मी नंतर काढला, तर सोसायटीचं पीककर्जही त्यात नव्हतं. वीस वर्षांची प्रामाणिक परतफेड, आणि रिपोर्टमध्ये पांढरा कागद.

माझ्या रिपोर्टमध्ये स्कोअरच्या जागी ‘एनएच’ होतं, म्हणजे नो हिस्टरी. काही रिपोर्टमध्ये याच जागी उणे एक दिसतो. तो बघून घाबरू नका. उणे एक म्हणजे नापास नव्हे, तुम्ही अजून परीक्षेलाच बसलेला नाहीत एवढाच त्याचा अर्थ. स्कोअर ५५० असणं आणि स्कोअर नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ५५० वाल्यानं हप्ते चुकवलेत. तुम्ही काहीच केलेलं नाही. कोरी पाटी म्हणजे खराब पाटी नव्हे.

आणि हे फक्त मी म्हणत नाही. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितलंय की पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज केवळ हिस्टरी नाही म्हणून नाकारू नये. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात सरकारनंही संसदेत हेच सांगितलं, आणि रिझर्व्ह बँकेनं कर्जासाठी किमान स्कोअरची कुठलीही अट घातलेली नाही, हेही स्पष्ट केलं.

पण याचा अर्थ ‘लोन हक्कानं मिळतं’ असा काढू नका. बँक तुमची बाकीची तपासणी करणारच, आणि स्वतःच्या नियमांनुसार नाहीही म्हणू शकते. फक्त ‘हिस्टरी नाही’ एवढ्यावर विषय संपायला नको. नकार आला तर कारण लेखी मागा. ते मागायला लाजू नका.

माझी पहिली चूक: कागद वाटत सुटणं

मी रिपोर्ट काढला तेव्हा त्यात कर्ज एकही नव्हतं, पण चौकश्या पाच होत्या. एका आठवड्यात पाच! सेल्समननं पाच ठिकाणी अर्ज टाकले होते, आणि प्रत्येकानं माझा रिपोर्ट मागवला होता.

तुम्ही स्वतः रिपोर्ट बघितला तर स्कोअरवर काही परिणाम होत नाही. पण तुमच्या अर्जावरून बँकेनं बघितला, तर ती चौकशी नोंदवली जाते. थोड्या दिवसांत अशा बऱ्याच नोंदी दिसल्या की पुढच्या बँकेला वाटतं, हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय. माझ्या कोऱ्या पाटीवर पहिली अक्षरं उमटली ती हीच.

म्हणून पहिला नियम: शोरूमला जाण्याआधी स्वतःचा रिपोर्ट बघा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर. कुठल्याही अनोळखी अ‍ॅपला पॅन आणि ओटीपी देत बसू नका. रिपोर्टमध्ये चूक असेल, म्हणजे तुमचं नसलेलं कर्ज किंवा चुकीचा पॅन, तर तक्रार करा. तीस दिवसांत ती निकाली निघायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे.

दुसरा नियम: आधी एकच बँक. ज्या बँकेत तुमचा पगार जमा होतो, ती. कारण तिच्यासाठी तुम्ही कोरी पाटी नसता. दर महिन्याला पगार कधी येतो, महिनाअखेर खात्यात किती उरतं, एसआयपीचा हप्ता बाउन्स होतो का, हे सगळं तिला आधीच दिसत असतं.

माझी दुसरी चूक (होता होता राहिलेली): ‘फक्त सात टक्के’

पाच जणांपैकी एका फायनान्स कंपनीनं होकार दिला. त्यांचा माणूस म्हणाला, “सर, हिस्टरी नसतानाही तुम्हाला फक्त सात टक्के लावतोय. पाच वर्षं. ईएमआय ११,२५०.”

सात टक्के! बँका नऊ-दहा टक्के सांगत होत्या. मी सही करायच्या बेतात होतो. मग एक शब्द कानावर आला: ‘फ्लॅट’.

हे नीट ऐका. म्हणजे वाचा.

फ्लॅट रेटमध्ये पाचही वर्षं मूळच्या पूर्ण रकमेवर व्याज लागतं. पाच लाखांचे सात टक्के म्हणजे वर्षाला ३५,०००. पाच वर्षांत १,७५,०००. पण तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल फेडताय ना? चौथ्या वर्षी तुमच्याकडे पाच लाख उरलेलेच नसतात, तरी व्याज पाच लाखांवर! बँका बहुतेक वेळा रेट सांगतात तो रिड्यूसिंग, म्हणजे जेवढं मुद्दल शिल्लक तेवढ्यावरच व्याज.

पाच लाख, पाच वर्षं, ईएमआय ११,२५०. हाच हप्ता रिड्यूसिंगच्या भाषेत मांडला तर रेट निघतो जवळजवळ साडेबारा टक्के. सात नाही, साडेबारा. बँकेच्या १०.५ टक्के रिड्यूसिंगनं त्याच कर्जाचा ईएमआय होतो १०,७४७, आणि एकूण व्याज सुमारे १,४४,८००. म्हणजे ऐकायला ‘महाग’ वाटणारं साडेदहा टक्क्यांचं लोन ‘स्वस्त’ सात टक्क्यांपेक्षा तीस हजारांनी स्वस्त आहे.

तो माणूस खोटं बोलला नव्हता. मीच प्रश्न विचारला नव्हता.

यावर उपाय सोपा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक रिटेल कर्जासाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो. व्याज आणि प्रोसेसिंग फीसारखे कर्जाला जोडलेले खर्च धरून वर्षाला खरा किती टक्के बोजा पडतो, ते तो आकडा सांगतो. दोन ऑफर समोर असतील तर फ्लॅट, रिड्यूसिंग, स्कीम, कॅशबॅक सगळं विसरा. दोघांचं स्टेटमेंट मागा आणि एपीआर शेजारी शेजारी ठेवून बघा. सही करण्याआधी. ‘नंतर मेलवर येईल’ असं म्हणाले तर तुम्हीही म्हणा, ‘मग सहीपण नंतर येईल.’

मामा जामीन राहायला तयार होते

नकार कळल्यावर मामांचा फोन आला. “अरे, मी आहे ना. मी राहतो जामीन.” मामा निवृत्त शिक्षक. पेन्शन, स्वतःचं घर, सगळं व्यवस्थित. ताई पण म्हणाली, “माझं नाव लाव.” ती साताऱ्यात नर्स आहे. स्कूटीचं लोन वेळेवर फेडलेलं, स्कोअर उत्तम.

हा मार्ग चुकीचा नाही. ज्याची हिस्टरी चांगली, असा सहअर्जदार घेतला तर कर्ज मिळायची शक्यता वाढते आणि रेटही कमी होऊ शकतो. पण आपल्याकडे ‘फक्त एक सही हवी’ असं म्हणून हे उरकतात, आणि तिथेच नात्यांची वाट लागते.

सहअर्जदार म्हणजे साक्षीदार नव्हे. कर्ज त्याचंही असतं. ते त्याच्या रिपोर्टमध्ये दिसतं. मी हप्ता चुकवला तर डाग दोघांच्या पाटीवर. जामीनदाराचंही तसंच: मी भरलं नाही तर बँक त्याच्याकडे वसुलीला जाऊ शकते. शिवाय बँक प्रत्येकाच्या उत्पन्नातला किती भाग हप्त्यांत जातो ते बघते. साधारणपणे सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आत असावेत अशी अपेक्षा असते. ताई आणि दाजी पुढच्या वर्षी फ्लॅट घेणार आहेत. माझ्या गाडीचा हप्ता तिच्या नावावर दिसला असता, तर तिचं होम लोन तेवढ्यानं कमी झालं असतं. आणि मामांच्या मुलीला एज्युकेशन लोन लागणार होतं.

मी दोघांनाही नाही म्हणालो. मामा थोडे रागावले. तुमच्या घरी परिस्थिती वेगळी असेल, तर जरूर घ्या मदत. पण सही मागण्याआधी समोर बसून दोन प्रश्न विचारा: पुढच्या पाच वर्षांत तुम्हाला स्वतःला मोठं कर्ज लागणार आहे का? आणि माझी नोकरी गेली तर सहा महिने हप्ता तुम्ही भरू शकाल का?

सहा महिने थांबलो. त्या सहा महिन्यांत काय केलं

थांबणं सोपं नव्हतं. आईच्या फेऱ्या चालूच होत्या. पण जीप होती. गैरसोय होती, अडून काही राहिलं नव्हतं. पाडव्याला घ्यायची गाडी दसऱ्याला घ्यायची ठरवली, आणि तीन कामं केली.

पहिलं, एफडीवरचं क्रेडिट कार्ड. बोनसचे २०,००० एफडीत टाकले. बँकेनं त्यावर १६,००० लिमिटचं कार्ड दिलं. एफडी तारण असल्यामुळे असं कार्ड हिस्टरी नसतानाही मिळतं, आणि एफडीचं व्याजही चालू राहतं. कार्डावर फक्त मोबाइल रिचार्ज, एसटीची तिकिटं आणि आईची काही औषधं. महिन्याला तीनेक हजार. लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत वापर ठेवणं चांगलं समजतात. आणि बिल आलं की पूर्ण भरायचं, ‘मिनिमम ड्यू’ नाही. कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागू शकतं, म्हणजे वर्षाला छत्तीस-बेचाळीस टक्के. हे कार्ड खर्चासाठी नव्हतं, बँकेला दिसण्यासाठी होतं. साधारण सहा महिन्यांच्या व्यवहारांतून स्कोअर तयार होतो. माझा ७३८ आला. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना महिन्यातून निदान दोनदा ही माहिती कळवावी लागते, त्यामुळे चांगलं वागणं लवकर दिसतं. आणि चुकवलेलंही लवकर दिसतं, हे लक्षात ठेवा.

इथे एक सावधगिरी. ‘स्कोअर बनवायला’ म्हणून पाच मिनिटांत लोन देणारी अ‍ॅप्स घेऊ नका. माझ्या रूममेटनं हेडफोन ‘पे लेटर’वर घेतले, आणि साडेआठशेचा शेवटचा हप्ता विसरला. त्याच्या रिपोर्टवर आजही ते थकीत दिसतंय. ‘पे लेटर’ हे कर्जच असतं, नाव गोड असलं म्हणून काय झालं.

दुसरं काम, ईएमआयची रंगीत तालीम. हे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. लोन घेतलंय असंच समजायचं, आणि दर महिन्याच्या ५ तारखेला ईएमआयएवढी रक्कम दुसऱ्या खात्यात टाकायची. एप्रिलमध्ये ११,२५० टाकले. मे महिन्यात ११,२५० टाकले, पण शेवटच्या आठवड्यात मेसचे पैसे मित्राकडून घेतले. जूनमध्ये आईला इन्फेक्शन झालं, सहा दिवस अ‍ॅडमिट होती. त्या महिन्यात जेमतेम ३,००० टाकता आले.

विचार करा, तो खरा ईएमआय असता तर? जूनमध्ये हप्ता बाउन्स झाला असता. बँकेचा दंड वेगळा आणि माझ्या नव्या रिपोर्टवर पहिल्याच तिमाहीत डाग. तालमीत चुकलो म्हणून फक्त कळलं की ११,२५० माझ्या आवाक्यातले नाहीत. जुलैपासून ८,५०० टाकले, आणि ते जमले. बँक सांगते तुम्हाला किती कर्ज मिळू शकतं. तुम्हाला किती झेपतं, ते तालीम सांगते. सहा महिन्यांत ५१,००० जमले, ते डाउन पेमेंटला आले.

तिसरं काम अण्णांनी केलं. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी गाडी शिकले! लर्निंग लायसन्स काढलं, महिना झाल्यावर टेस्ट दिली. मी पुण्यात, गाडी गावात. चालवणार कोण, हा प्रश्न आधी माझ्या डोक्यातच आला नव्हता.

शेवटी काय घेतलं

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्यामुळे तीच गाडी आम्हाला ऑन-रोड ६,३०,००० ला पडली. तो निव्वळ योग, त्याचं श्रेय मी माझ्या प्लॅनिंगला देणार नाही. डाउन पेमेंट सुमारे २,३०,०००, लोन चार लाख. पगाराच्या बँकेनं १०.५ टक्के रिड्यूसिंगनं दिलं. पाच वर्षं, ईएमआय ८,५९८. कुणाचीही दुसरी सही नाही.

बँकेतली मॅडम म्हणाली, “सात वर्षं करा ना, ईएमआय ६,७४४ वर येईल.” महिन्याला साडेअठराशे वाचतात, पण एकूण व्याज १,१५,८५० च्या जागी १,६६,५०० होतं. पन्नास हजार जास्त. शिवाय सातव्या वर्षी गाडी जुनी आणि हप्ता चालूच. मी पाचवर ठाम राहिलो. तालमीत ८,५०० झेपले होते, म्हणून राहू शकलो.

आता माझा पहिला, चुकलेला हिशोब. नऊ हजारांची जीप विरुद्ध नऊ हजारांचा ईएमआय, असा हिशोब नसतो. गाडीला पेट्रोल लागतं. नऊ फेऱ्यांचे पावणेसातशे किलोमीटर, म्हणजे चार हजारांच्या आसपास. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांसाठी महिन्याला दोन हजार बाजूला ठेवायचे. मग खरा खर्च होतो १४,६०० च्या घरात. जीपपेक्षा साडेपाच हजार जास्त. गाडी आम्हाला स्वस्त पडली नाही, मंडळी. आम्ही ते जास्तीचे पैसे कशासाठी देतोय हे आम्हाला माहीत आहे, एवढंच.

सही करण्याआधी एवढं बघा

एक: लोन एक्स-शोरूम किमतीवर की ऑन-रोड? महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे. वर विमा आणि रजिस्ट्रेशन. बँक एक्स-शोरूमच्या नव्वद टक्के देणार असेल, तर हा वरचा सगळा खर्च तुमच्या खिशातून जाणार.

दोन: विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा कायद्यानं लागतो, पण कंपनी तुम्ही निवडू शकता. बाहेरून कोटेशन काढून नेलं की शोरूमचा आकडाही बरेचदा खाली येतो.

तीन: लवकर फेडलं तर दंड किती? १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या फ्लोटिंग रेटच्या वैयक्तिक कर्जांवर असा दंड घेता येत नाही. पण बरीच कार लोन फिक्स्ड रेटची असतात. तुमचं कुठलं आहे ते विचारून घ्या.

चार: जुनी गाडी घेत असाल, तर व्याजदर नव्या गाडीपेक्षा जास्त असतो, आणि बँक मागितलेल्या किमतीवर नाही, तिच्या व्हॅल्युएशनवर कर्ज देते. आधीच्या मालकाचं कर्ज आरसीवर अजून चढलेलं तर नाही ना, ते परिवहनच्या अ‍ॅपवर आधी बघा.

पाच: कर्ज संपलं म्हणजे काम संपलं असं नाही. आरसीवर बँकेचं नाव असतं, त्याला हायपोथिकेशन म्हणतात. शेवटचा हप्ता भरल्यावर बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत ते नाव काढून घ्यायचं. फाइल कपाटात ठेवून विसरलात, तर गाडी विकताना धावपळ होते.

जाता जाता

दसऱ्याला गाडी घरी आली. आईनं हळद-कुंकू लावलं, अण्णांनी चाकाखाली लिंबू ठेवलं. पहिल्या फेरीला मी मुद्दाम सुट्टी घेऊन गेलो होतो. परत येताना आई मागच्या सीटवर आडवी झाली आणि पाच मिनिटांत झोपली. एसटीत ती कधी झोपली नव्हती, जीपमध्येही नाही. अण्णा चाळीसच्या वर स्पीड नेत नव्हते. मागून सगळे हॉर्न मारत होते.

घरी आल्यावर अण्णांनी मला विचारलं, “आता माझी हिस्टरी आली का?”

म्हटलं, “कर्ज माझ्या नावावर आहे अण्णा, त्यामुळे माझी आली.”

थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “मग नीट ठेव.”

ठेवतोय. आतापर्यंतचे सगळे हप्ते ५ तारखेला गेलेत. तुमचा पहिल्या कर्जाचा अनुभव काय होता, चांगला असो वा वाईट, व्हॉइस नोट पाठवून नक्की कळवा. आणि कुणी भाऊ-बहीण या आठवड्यात शोरूमला निघाले असतील, तर त्यांना हा भाग आज पाठवा, सही झाल्यावर नको.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!